रबरी बोट, तिचं मशीन आणि पनवेलहून निघणारा रस्ता

पळस्पे फाटा म्हटलं की आपल्याला आठवते ती गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांची रांग. राष्ट्रीय महामार्ग ६६, म्हणजे आपला जुना १७ नंबर, पनवेलपासून सुरू होतो आणि थेट कन्याकुमारीला जाऊन थांबतो. ह्याच रस्त्याने पावसाळ्यात अधूनमधून एक वेगळंच सामान दक्षिणेकडे जातं: घडी घातलेली रबरी बोट आणि तिच्या मागे लावायचं मशीन.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच पावसात महाड तालुक्यात जुई, दासगाव इथे दरडी कोसळल्या आणि महाड शहर पाण्यात गेलं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल एस.टी.च्या दोन गाड्यांसकट वाहून गेला आणि पुढे कित्येक दिवस नदीत बोटींनी शोध चालला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूण आणि सावित्रीने महाड अशी दोन्ही शहरं एकाच दिवशी बुडाली. रस्ते पाण्याने आणि दरडींनी अडलेले, त्यामुळे पथकांना पोचायलाच वेळ लागला. वर्तमानपत्रात फोटो येतो तो बोट पाण्यात असतानाचा. पण पनवेल ते महाड सुमारे सव्वाशे किलोमीटर आणि चिपळूण दोनशेच्या आसपास. म्हणजे पाण्यात उतरण्याआधी बोट चार-पाच तास गाडीत असते, आणि तिचं बरंवाईट बहुतेक वेळा त्या चार-पाच तासांतच ठरतं. ह्या भागाबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून हा लेख.

माझा संबंध आला तो आमच्या भागातल्या एका मदत-गटामुळे. गटाकडे चार मीटर लांबीची एक रबरी बोट आणि २५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक मशीन आहे. मी मेकॅनिकलचा. त्यामुळे "तू बघ रे मशीनचं" हे ओघानेच आलं. (मेकॅनिकलच्या मुलाला लोक मिक्सरपासून विमानापर्यंत काहीही दुरुस्त करायला देतात, हा अनुभव इथल्या बऱ्याच जणांना असेल!)

आधी थोडी ओळख. आउटबोर्ड मशीन म्हणजे इंजिन, त्याखाली उभा दांडा, तळाशी गिअर आणि पंखा, असं सगळं एकत्र बांधलेलं यंत्र. ते दोन स्क्रूंनी बोटीच्या मागच्या फळीला आवळायचं. ओले एव्हिनरूड ह्या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन माणसाने १९०९ च्या सुमारास ते बाजारात रुळवलं. रबरी बोटीचा बोलबाला झाला तो १९५२ मध्ये, आलँ बोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने शिडाच्या एका रबरी बोटीतून एकट्याने अटलांटिक ओलांडला तेव्हा. ह्या दोन्ही वस्तूंचा मोठा गुण एकच: काढता येतात, उचलता येतात, दुसरीकडे नेता येतात. पण "नेता येतात" म्हणजे "कशाही नेल्या तरी चालतात" असं नव्हे.

पहिला प्रश्न नेहमी तोच निघतो: बोट फुगवूनच न्यायची की घडी घालून? फुगवून नेली तर पोचल्यावर वेळ वाचतो, हे अगदी खरं. किती वाचतो ते काढून बघू. आमच्या बोटीची नळी ४५ सेंटिमीटर व्यासाची आणि दोन्ही बाजू व नाक मिळून सुमारे ९ मीटर लांब. आकारमान आलं साधारण १४३० लिटर. तिच्यात बाहेरच्या हवेपेक्षा पाव बार जास्त दाब लागतो. म्हणजे बाहेरची जवळजवळ १८०० लिटर हवा आत कोंबायची. पायपंपाच्या एका दाबाला ५ लिटर धरले तरी ३६० दाब झाले, तेही गळती शून्य धरून. सेकंदाला एक असा वेग ठेवला तर ६ मिनिटं. कागदावर! प्रत्यक्षात शंभराच्या पुढे पाय भरून येतात, माणूस बदलावा लागतो, आणि शेवटचे पन्नास दाब सगळ्यांत जड जातात. आम्ही पंधरा मिनिटं धरतो. समोर कुणी छपरावर बसलेलं असेल तर पंधरा मिनिटं फार मोठी असतात.

मग फुगवूनच का नेत नाही? इथे थर्मोचा पहिला धडा आठवा. आकारमान तेच राहिलं तर दाब तापमानाच्या प्रमाणात वाढतो, मात्र दाब अॅब्सोल्युट घ्यायचा आणि तापमान केल्विनमध्ये. सकाळी २५ अंशांना, म्हणजे २९८ केल्विनला, नळीत अॅब्सोल्युट दाब १.२५ बार आहे. सरावाच्या दिवसात, मे महिन्यात, गाडीच्या छतावर करड्या रंगाची नळी ६० अंशांपर्यंत तापली तर ३३३ केल्विन झाले. १.२५ × ३३३ ÷ २९८ = १.४० बार. आता बाहेरचा १ बार वजा करा. आधी ०.२५ होता, आता ०.४०. अॅब्सोल्युट दाब वाढला १२ टक्के, पण जोडांना आणि चिकटवलेल्या पट्ट्यांना जो जाणवतो तो गेज दाब वाढला ६० टक्के! कापड थोडं ताणतं म्हणून प्रत्यक्ष आकडा काहीसा कमी येईल, पण फरक पडायचा तो पडतोच. परीक्षेत गेज आणि अॅब्सोल्युटचा घोळ केला तर दोन मार्क जातात. इथे जोड जातो.

घाटाचंही तसंच. बोट घेऊन बोरघाटाने वर गेलात तर पनवेल ते खंडाळा सुमारे ६०० मीटर चढण आहे. तेवढ्यात बाहेरचा दाब जवळजवळ ०.०७ बारने उतरतो, म्हणजे गेज दाब तितकाच चढतो. आता तुम्ही म्हणाल, पुरात ऊन कुठलं? बरोबर आहे. पण त्याची उलट बाजू पुरातही आहे: गाडीच्या बंद डब्यात उबेत घट्ट भरलेली बोट गार पाण्यात पडली की आतली हवा आक्रसते आणि नळ्या मऊ पडतात. नवशिक्या लगेच ओरडतो, "बोट लीक आहे!" लीक काही नसतं, पंपाचे वीस-तीस दाब पुन्हा मारायचे असतात.

फुगवलेली बोट छतावर बांधण्यात आणखी एक भानगड म्हणजे वारा. दीड मीटरहून जास्त रुंद आणि अर्धा मीटर उंच असा अडथळा तुम्ही गाडीच्या डोक्यावर लावता. ताशी ८० किलोमीटरला त्यावर साधारण २४ किलोचा धक्का बसतो, ४० किलोमीटरला फक्त ६ किलोचा. वेग दुप्पट, जोर चौपट. शिवाय नाकाखाली वारा शिरला की बोट उचलली जाते, म्हणून नुसते आडवे पट्टे पुरत नाहीत, नाकावरून दोन दोर खाली बंपरकडे उतरवून ताणावे लागतात. छतावर किती वजन चालेल हे गाडीच्या पुस्तिकेत वेगळं दिलेलं असतं, आणि बहुतेक मोटारींना ते शंभर किलोच्या आतच असतं, कॅरिअरचं वजन धरून. पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात असते. ती कुणी वाचत नाही हा भाग वेगळा.

म्हणून आमचा निर्णय असा: लांबच्या प्रवासाला बोट घडी घालून, गाडीच्या आत. पाच-दहा किलोमीटरवर जायचं असेल तर पिकअपच्या हौद्यात, फुगवलेली पण थोडी मऊ ठेवून.

आत ठेवायची तर कुठे? मागची डिकी उघडली आणि सगळं कोंबलं, अशी साधी पद्धत आहे. इथे फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स काढा (ज्यांची अजून केटी आहे त्यांना तर लगेच उपयोगी पडेल). समजा गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये २.४ मीटर अंतर आहे. बोट ८० किलो आणि मशीन ५० किलो, असे १३० किलो मागच्या अॅक्सलच्याही ०.७ मीटर मागे ठेवले. पुढच्या चाकाभोवती मोमेंट घ्या: मागच्या चाकांवर भार वाढला १३० × ३.१ ÷ २.४ = सुमारे १६८ किलो. ठेवले १३०, वाढले १६८! वरचे ३८ किलो आले कुठून? पुढच्या चाकांवरून. म्हणजे जी चाकं गाडी वळवतात आणि ब्रेकचा मोठा वाटा उचलतात, तीच हलकी झाली, आणि तीही ओल्या रस्त्यावर, कर्नाळ्याच्या वळणांवर. मागची सीट पाडून तेच सामान अॅक्सलच्या थोडं पुढे सरकवलं की हा सगळा प्रश्न मिटतो. त्याला एक पैसा लागत नाही.

आता मशीन. आमच्याकडे मशीनसाठी कोळीवाड्यातले एक काका येतात. त्यांचं वय साठीच्या पुढे, आणि बोटांना पेट्रोलचा वास कायमचा लागलेला. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "पोरा, मशीनचं डोकं कधी खाली जाऊ द्यायचं नाय. आडवं झोपव, पण डोकं वर, पंखा खाली."

"काका, पण का?"

"का ते तू सांग. तू शिकतोस ना?"

उत्तर शोधायला मला इंजिन उघडं बघावं लागलं. आउटबोर्ड थंड होतं ते बाहेरून ओढलेल्या पाण्यावर, आणि ते पाणी काम झालं तरी आतल्या वाटांत थोडं साचून राहतं. मशीन उभं असलं की ते आपोआप खाली गळतं. पण न गळू देता मशीन आडवं केलं आणि डोक्याकडची बाजू खाली गेली, तर तेच पाणी एक्झॉस्टच्या वाटेने उलट सिलिंडरकडे जाऊ शकतं. समजा एका सिलिंडरचं आकारमान २५० सी.सी. आणि कॉम्प्रेशन रेशो ९ आहे. पिस्टन पूर्ण वर आल्यावर उरणारी जागा २५० ÷ ८, म्हणजे जेमतेम ३१ सी.सी. दोन मोठे चमचे! तेवढ्याहून जास्त पाणी आत असेल तर पिस्टन वर जाऊच शकत नाही, कारण हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. दोर ओढला की तो मध्येच दगडाला बांधल्यासारखा अडतो. जोर लावून ओढत राहिलात तर कनेक्टिंग रॉड वाकण्यापर्यंत मजल जाते. म्हणून बोटीवरून काढल्यावर मशीन पाच-दहा मिनिटं उभंच धरायचं, पाणी गळू द्यायचं, मगच आडवं.

टू-स्ट्रोकला एवढं सांभाळलं की बरंचसं भागतं, कारण त्याचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं किंवा वेगळ्या छोट्या टाकीत. फोर-स्ट्रोकची गोष्ट वेगळी. त्याच्या पोटात ऑइलचा साठा असतो आणि तो भलत्या कुशीवर झोपवला की ऑइल पिस्टनच्या रिंगांमधून सिलिंडरमध्ये झिरपतं. परिणाम पुन्हा तोच, चमचे फक्त ऑइलचे. म्हणून प्रत्येक फोर-स्ट्रोक मशीनची झोपायची एक ठरलेली कूस असते. कंपनी ती पुस्तिकेत देते आणि बऱ्याचदा त्या बाजूला रबराचे टेकू किंवा स्टिकर असतो. प्रत्येक कंपनीची कूस एकच असेल असं नाही, तेव्हा शेजारच्या गटाचं बघून ठेवू नका.

ह्याचा पुरावा एका सरावाला डोळ्यांसमोर बघायला मिळाला. दुसऱ्या गावच्या एका मंडळाची बोट आली, आमच्यापेक्षा नवी, मशीन फोर-स्ट्रोक. जीपच्या मागे मशीन आडवं टाकलेलं, भलत्या कुशीवर, आणि डोक्याखाली काहीच नाही. बोट दहा मिनिटांत फुगली. मशीन लावलं, दोर ओढला, अडला. काकांनी लांबूनच हात केला, "थांबा रे, ओढू नका!" मग दोन्ही स्पार्क प्लग काढले, दोर हळूच ओढला, तर भोकातून काळपट ऑइलची पिचकारी. प्लग पुसले, लावले, पुन्हा काढले, पुन्हा पुसले... मशीन लागलं तेव्हा पाऊण तास गेला होता आणि खाडीवर पांढऱ्या धुराचा ढग. तो सराव होता म्हणून सगळे हसले.

आमच्या गटाने त्यानंतर लाकडाची एक घोडी बनवून घेतली. बोटीच्या मागच्या फळीसारखीच जाड फळी, खाली चार पाय, आणि ते पाय पिकअपच्या हौद्याला बोल्ट केलेले. मशीन उभ्याउभ्या त्यावर आवळायचं. हा सगळ्यांत उत्तम उपाय. मात्र फुगवलेल्या बोटीच्या फळीवरच मशीन लावून ती गाडीत नेऊ नये. ती फळी रबराला नुसती चिकटवलेली असते. खड्ड्यात गाडी आदळली की ५० किलोचं मशीन लांब दांड्यासह मागे-पुढे हेलकावतं आणि तो सगळा मोमेंट त्या चिकटवलेल्या जोडावर येतो. आणि आपल्या महामार्गावर खड्डे किती, हे वेगळं सांगायला नको. पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि दहा वर्षांहून जास्त काळ रखडलं, तेव्हा त्या रस्त्यावर पडलेल्या प्रत्येक बोटीच्या जोडाबद्दल मला सहानुभूती आहे.

मशीन मोटारीत आत ठेवलं असेल तर ते बांधायलाच हवं. ब्रेक जोरात दाबला तर ५० किलोचं मशीन सुमारे ४० किलोच्या जोराने पुढे ओढ घेतं. तेवढं साधा दोरही धरेल. पण गाडी ताशी ५० किलोमीटरवरून आदळून अर्ध्या मीटरमध्ये थांबली तर? अर्धा एम व्ही स्क्वेअर काढा: साधारण ४८०० ज्यूल. भागिले अर्धा मीटर, ९६०० न्यूटन. म्हणजे जवळजवळ एक टन! त्याला सुतळी आणि "काय होत नाही रे" पुरत नाही. मशीनची पुढची बाजू कशाला तरी भक्कम टेकलेली हवी, म्हणजे पिकअपच्या हौद्याची पुढची भिंत, नाहीतर घडी घातलेली बोट मध्ये घेऊन सीटची पाठ. वरून ट्रकवाले वापरतात तसे कडीचे पट्टे. पंखा आणि त्याखालची पात गोणपाटात गुंडाळा. दोनशे किलोमीटर हादरे खात तिची धार बोटीच्या कापडावर घासली तर भोक पडायला दुसरं काही लागत नाही. आम्ही बोट आणि मशीनच्या मध्ये बोटीच्याच तळाच्या प्लायच्या फळ्या उभ्या घालतो. आयतं पार्टिशन होतं.

पेट्रोलबद्दल मी जरा कडकच लिहिणार आहे. एक लिटर पेट्रोल पूर्ण उडालं तर सुमारे १८० लिटर वाफ होते. हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेलं की ठिणगीला पेट घेते. मोटारीच्या आत साधारण ३००० लिटर हवा असते. त्याचे दीड टक्के म्हणजे ४५ लिटर वाफ, म्हणजे फक्त पाव लिटर पेट्रोल! चहाचे तीन ग्लास समजा. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड, खाली सीटखाली साचते, वास येईपर्यंत उशीर होतो. कायद्याने (पेट्रोलियम कायदा, १९३४) विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येतं, पण धातूच्या, घट्ट बुचाच्या आणि २५ लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या डब्यात. पाण्याच्या प्लॅस्टिक कॅनमध्ये नव्हे. निघण्याआधी मशीनच्या टाकीची नळी सोडवायची, झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद करायचा, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल काढून टाकायचं. पिकअप असेल तर पेट्रोल उघड्या हौद्यात. फक्त मोटारच असेल तर आम्ही पेट्रोल दुसऱ्या गाडीने मागून आणत नाही, वाटेतल्या शेवटच्या चालू पंपावर भरतो आणि तिथून पुढे काचा उघड्या, पाऊस असला तरी. मात्र पूर असलेल्या गावात पंप बंद असणार हे धरूनच चालायचं.

राहिला सामान भरण्याचा क्रम. जे आधी लागणार ते शेवटी भरायचं, हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात जड म्हणून मशीन आधी आत जातं, मग बोट, आणि पंप कुठेतरी खाली सरकतो. पोचल्यावर भर पावसात सगळं उतरवून पंप शोधायचा! आमच्याकडे पंप, लाइफ जॅकेट आणि दोर ह्यांची एक वेगळी पिशवी आहे आणि ती पुढे बसणाऱ्याच्या पायाशी असते. त्याची गैरसोय होते, होऊ दे.

गाडी पाण्यापर्यंत जाईल असंही धरू नका. वाहत्या पाण्यात फूटभर खोलीलासुद्धा छोटी मोटार सरकायला लागते. गाडी उंचावर थांबवायची आणि शेवटचे शंभर-दोनशे मीटर माणसांनी न्यायचं. बोट फुगवली की सहा जण कडेचे दोर धरून सहज उचलतात. मशीनला जाड बांबू, दोन टोकांना दोन माणसं, मध्ये मशीन डोकं वर करून. फक्त दोघांची उंची सारखी निवडा, नाहीतर उतारावर सगळं बुटक्याच्या अंगावर येतं. (मी बुटका आहे, म्हणून हे खात्रीने सांगतो.)

आणि दोन वस्तू अशा, की त्या घरी राहिल्या तर बाकी सगळं व्यवस्थित आणून काही उपयोग नाही. एक म्हणजे बोटीच्या मागच्या फळीतलं पाणी काढायच्या भोकाचं बूच, अंगठ्याएवढं. दुसरी, मशीनच्या किल स्विचची लाल दोरी, जी लावल्याशिवाय मशीन सुरूच होत नाही. बोट धुऊन वाळत घातली की ह्या दोन वस्तू हमखास कुणाच्या तरी खिशात जातात. आमच्याकडे दोन्हींचा एकेक जादा नग गाडीच्या किल्लीच्या कडीतच अडकवलेला आहे. किल्ली जाड झाली, ड्रायव्हर काका कुरकुरतात, पण किल्लीशिवाय गाडी पनवेलबाहेर जात नाही.